सत्कारातून उरलेला टॉवेल

मला सत्काराची किळस येते. कंटाळा नाही, किळस. कोणाच्या खांद्यावर शाल चढताना पाहिली की पोटात ढवळतं, आणि शाल घेणारा माणूस मान तिरकी करून कॅमेऱ्याकडे बघू लागला की मी तिथून उठते. आमच्या सोलापुरात शालीच्या जागी बरेचदा टॉवेल असतो. लग्न असो, वास्तुशांत असो, साहेबांची बदली असो, खांद्यावर टॉवेल पडल्याशिवाय आपण तिथे गेलो होतो असं कोणाला वाटतच नाही. गावभर माग आहेत, मालाला तोटा नाही, त्यामुळे कोणी हात आखडता घेत नाही. आमच्या घरात एक अख्खं कपाट अशा टॉवेलांनी भरलेलं होतं. आमचे हे चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीचा सत्कार करायला कारण लागत नाही. नाताळच्या आधी मी ते धुऊन पुन्हा रचून ठेवायची, एरवी त्या टॉवेलांना घरात कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. त्यांच्या लेखी ती पदकं होती.

आम्ही ख्रिस्ती. मी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत केली, त्यामुळे चर्चमध्येही सगळे मला बाईच म्हणतात. चर्चच्या आवारात मागच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे, त्याला आम्ही नुसतं होम म्हणतो. ज्यांचं कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी म्हातारी माणसं तिथे राहतात. त्यांत एक मावशी होती. ही हकिगत तिची आहे. तिला जाऊन आता बरेच महिने झाले. "मी गेल्यावर सांग कुणाला सांगायचं ते," असं तिनंच म्हणून ठेवलं होतं, म्हणून लिहिते आहे. आमच्या ह्यांनाही हे इथेच पहिल्यांदा कळेल.

मावशी मूळची केम गावाकडची. नवरा तरुणपणी गेला, तेव्हापासून ती चर्चची बायबलबाई झाली. म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, बाळंतिणीचं धुणं धुवायचं. संडे स्कूलमध्ये मला गाणी तिनंच शिकवली. आवाज घोगरा, चाल हमखास चुकलेली, पण शिकवताना इतकं हसवायची की आम्हाला चुकीचीच चाल पाठ झाली. म्हातारपणी उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ती खाटेला खिळली. बोलणं शाबूत राहिलं. लघवीवरचा ताबा मात्र सुटला, अगदी पूर्ण नाही, थोडा वेळ धरता यायची, मग नाही. डायपरने पाठीला नि मांड्यांना फोड उठले तेव्हा डॉक्टरांनीच ते बंद करायला सांगितले.

मी होममध्ये तिला पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा उंबऱ्यातूनच मागे फिरले आणि शेवग्याच्या झाडाखाली जाऊन ओकले. त्यात लपवण्यासारखं काही नाही, मी आहेच तशी. शाळेत पोराचं नाक वाहिलं तरी मी मान फिरवून रुमाल पुढे करायची. चूळ भरून पुन्हा आत गेले तर मावशी म्हणाली, "ओकलीस व्हय? बरं झालं. आता पोट रिकामं हाय, बस निवांत."

मी बसले. मग आठवड्यातून कधी एकदा, कधी दोनदा जाऊ लागले. तिला पुसायची, कूस बदलायची, पातळ बदलायची. सेवा करता करता किळस जाते असं लोक सांगतात, ते खोटं आहे. माझी काडीइतकीही गेली नाही. दर वेळी मी नाकाला पदर लावायची आणि दर वेळी ती हसायची. मला कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी म्हटलं असतं तर बहुतेक गेलेच नसते.

होममध्ये पुसायला धड कापड नव्हतं. जुनी पातळं फाडून केलेले तुकडे, तेच धुवायचे आणि तेच वापरायचे, कोणाचा तुकडा कोणाच्या अंगाला लागतोय याचा पत्ता नाही. मला ते बघवेना. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची बैठक आमच्याच घरी होती, तिथे चहा देता देता मी विषय काढला. म्हटलं, दर वर्षी झेंडावंदन झालं की होममधल्या म्हाताऱ्यांना केळं आणि बिस्किटाचा पुडा देता, या वर्षी टॉवेल द्या. प्रत्येकाला दोन. सगळ्यांना पटलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. कमिटीतल्या एकाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ते म्हणाले, "माल माझ्याकडून, बाई. तुम्ही काळजी सोडा." पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण, नुकतेच बदलून आलेले. ते म्हणाले, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा कमरेला रुमाल बांधला होता, त्याच्यावरच त्या दिवशी संदेश देतो. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना पुन्हा एकदा चहा केला.

मावशीला हे सांगितलं तर तिला टॉवेलांचं काहीच नव्हतं. तिला झेंड्याला यायचं होतं.

"दर साली मी झेंड्याला हुबी ऱ्हायले," ती म्हणाली. "हितं पडल्यापास्नं नुसतं ऐकतीया. औंदा मला भाईर न्हे. हुबं ऱ्हाता येत न्हाय, बसून बघीन की."

होम सांभाळणाऱ्या ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, पाहुणे येणार. वास आला तर कसं दिसेल? त्यापेक्षा मी त्यांच्या खाटेजवळची खिडकी उघडी ठेवते ना." खिडकीतून होमचं अंगण दिसत नाही, संडास दिसतात. ते त्यांनाही माहीत होतं.

मावशीने सगळं ऐकलं होतं. ताई गेल्यावर म्हणाली, "म्या इचार केलाय त्याचा. झेंडा, राष्ट्रगीत, पाळकाची प्रार्थना, टावेल वाटप. लई तर अर्धा तास. पहाटंपास्नं पानी घेनार न्हाय, चा घेनार न्हाय. तेवढा वेळ धरती मी." मग डाव्या हाताने तिने माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून चांगली ताकद होती. "पर एक हाय. काय झालंच, तर कुणाला कळता कामा न्हाय. जलमभर दुसऱ्याचं धुतलं, त्याची लाज न्हवती वाटली. माजं समद्यांम्होरं झालं तर मी पुन्यांदा कुणाला तोंड दावनार न्हाय."

मी म्हटलं, "कोणाला कळणार नाही. मी तुझ्या शेजारीच बसते."

त्या दिवशी सकाळी आधी चर्चमध्ये उपासना झाली. पाळकसाहेब चांगलं बोलले, ते मी मान्य करते. स्वातंत्र्य म्हणजे वाटेल तसं वागायची मोकळीक नव्हे, असं ते म्हणाले. गुलामाला हुकमाने वाकावं लागतं. ज्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही तोच आपणहून दुसऱ्याच्या पायाशी बसू शकतो, आणि ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य ते हे. मी मनात म्हटलं, हा मुलगा शिकलेला दिसतो.

उपासनेनंतर सगळे होमच्या अंगणात जमले. ताईंना कसंबसं राजी करून मावशीला आम्ही दोघींनी पहाटेच आंघोळ घातली होती, पांढरं पातळ नेसवलं होतं, छातीवर कागदी झेंडा टाचला होता. दोघींनी उचलून तिला पहिल्या रांगेच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी शेजारी. माझ्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली होती, कारण सोलापूरचं ऊन पंधरा ऑगस्ट आहे म्हणून थांबत नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक बोलावले होते. त्यांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, पाकळ्या खाली आल्या, त्यातली एक मावशीच्या मांडीवर पडली. तिने डावा हात कपाळाला लावला आणि राष्ट्रगीत अख्खं म्हटलं, मोठ्याने, आणि तिच्या सवयीप्रमाणे चाल सोडून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना थोडक्यात केली. इथवर सगळं मावशीच्या हिशोबाने चाललं होतं.

मग आमच्या ह्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "वाटपाआधी सत्काराचा एक छोटासा कार्यक्रम आहे."

टेबलावर टॉवेलांचे खोके होते. मला वाटलं होतं सत्काराचे वेगळे आणले असतील. ह्यांनी होमच्याच खोक्यात हात घातला. पहिला टॉवेल माजी नगरसेवकांना, ते ठीक. पण त्यांच्याबरोबर त्यांची माणसं आली होती, आणि साहेबांचा झाला आणि त्यांचा नाही असं कसं चालेल, म्हणून त्या सगळ्यांना. मग पाळकसाहेबांना. पाळकसाहेबांच्या आईंना. मग पंच कमिटीला, एकेकाला, नाव, शिक्षण आणि कार्य सांगून. कारखानदारांनी टॉवेल दिले म्हणून त्यांचा सत्कार, त्यांच्याच टॉवेलाने, आणि ते तो हात जोडून घेत होते, जसा काही पहिल्यांदाच बघत होते. मग ज्यांच्या हस्ते इतरांचे सत्कार झाले त्यांचे सत्कार. मग मांडववाले, साउंडवाले, गाणारी मंडळी. आणि दर दोन-चार नावांनंतर, "एक नाव नजरचुकीने राहून गेलं आहे, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो." दिलगिरी म्हणजे आणखी एक टॉवेल. तासाभरापूर्वी याच लोकांनी प्रभूच्या कमरेच्या रुमालाबद्दल ऐकून माना डोलावल्या होत्या. आता तोच रुमाल प्रत्येकाला खांद्यावर हवा होता. पाळकसाहेबांच्या खांद्यावर तर एकावर एक चढत गेले आणि त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

मी ह्यांना हाताने खूण केली की आवरा. त्यांना वाटलं मी कौतुकाने हात हलवते आहे. त्यांनीही हात हलवला.

फाटकाजवळ साहेबांचा ड्रायव्हर त्याला मिळालेल्या टॉवेलाने गाडीची काच पुसत होता. खरं सांगते, त्या दिवशी त्या टॉवेलाचा कामाला उपयोग करणारा तो पहिलाच माणूस होता.

"झालं का गं?" मावशीने ओठ न हलवता विचारलं.

"होतंच आलंय."

तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. डाव्या हाताने तिने खुर्चीचा हात आवळून धरला होता. मी म्हटलं, "आत नेऊ का?"

"नगं. दोगी मिळून उचलून न्याल, समद्यांच्या म्होरनं. धरती मी."

गाणाऱ्यांपैकी कोणाचं तरी शिक्षण सांगणं चालू होतं. कोणाचं ते मला आठवत नाही, आठवायचंही नाही.  मावशी अगदी हळू म्हणाली, "गेलं."

अंगणात शहाबादी फरशी आहे. ओल खुर्चीखालून निघून सांध्यासांध्याने पुढे जाऊ लागली, पाहुण्यांच्या सोफ्याच्या दिशेने. मी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि अर्धी मावशीच्या मांडीवर, अर्धी माझ्या मांडीवर, अशी सगळी पालथी केली. मग बाटली हातातून सोडली. ती फरशीवर आपटून मोठा आवाज झाला, सगळ्यांच्या माना वळल्या. "हात सुटला," मी म्हटलं. "मावशीलाही भिजवलं मी." मागची एकजण उठून पुसायला येऊ लागली, तिला मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "बसा तुम्ही जागेवर." ती बसली. माझ्या चपला, साडीचा काठ, सगळं त्या ओलीत होतं. वास माझ्यापर्यंत आला. पोट वर आलं, ते मी गिळलं.

आणि नेमकं तेव्हाच माईकवरून ह्यांनी माझं नाव घेतलं. "होममध्ये निःस्वार्थ सेवा करणाऱ्या, आमच्या सौभाग्यवती." टाळ्या पडल्या. मी उठले असते तर मावशीची खुर्ची आणि खालची फरशी पाहुण्यांच्या समोर उघडी पडली असती. मी उठले नाही. ह्यांनी पुन्हा नाव घेतलं. मी समोर झेंड्याकडे बघत राहिले. टाळ्या विरल्या, कुजबुज सुरू झाली. शेवटी हे स्वतःच टॉवेल घेऊन खाली आले. चेहरा हसरा, कानाच्या पाळ्या लाल. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, इकडे बघा." मी बघितलं नाही. त्यांची पाठ वळताच तो टॉवेल मी मावशीच्या मांडीवर पसरला. खोक्यातला तो शेवटचा होता.

नंतर माईकवरून जाहीर झालं की होममधल्या ज्येष्ठांना टॉवेल लवकरच पोचते करण्यात येतील. तूर्त केळी देण्यात आली. त्यालाही टाळ्या पडल्या.

आभार प्रदर्शन, चहा, जिलेबी, फोटो, सगळं संपून अंगण रिकामं होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो. मग ताईंच्या मदतीने तिला आत नेलं. ताईंना मी पाण्याच्या बाटलीचीच गोष्ट सांगितली आणि बाहेर पाठवलं. मावशीला धुतलं आणि नव्या टॉवेलाने पुसू लागले, तर तो पाणी प्यायला तयार नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो. नव्या कापडाची खळ गेलेली नव्हती. शेवटी पातळाच्या जुन्या तुकड्यानेच तिला कोरडी केली.

"कुणाला कळलं का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"झेंडा चांगला झाला," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर हे माझ्याशी बोलेनात. संध्याकाळी बोलले. "भर सभेत माझी शोभा केलीस. लोक काय म्हणताहेत माहीत आहे? आपलं नाव सगळ्यात शेवटी घेतलं म्हणून बाई रुसल्या. रागाने बाटली आपटली."

 रुसले. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी इतकं घाण काही म्हटलं नव्हतं. सत्कारासाठी रुसलेली बाई, म्हणजे मला ज्यांच्याकडे बघून ढवळतं त्यांच्यातलीच एक. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. पण ह्यांना सांगायचं म्हणजे कमिटीला सांगायचं, आणि कमिटीला सांगायचं म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत मावशीच्या आजारासाठी तपशीलवार विनंती व्हायची.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळी कमिटी आमच्या घरी आली, पाळकसाहेबांसकट. हातात शाल, नारळ आणि झेंडूचा हार. "बाई, चूक आमचीच," कारखानदार म्हणाले. "तुमचं नाव खरं तर पहिलं घ्यायला हवं होतं. राग सोडा." माझी समजूत काढायला ते माझा पुन्हा सत्कार करणार होते. हे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की आता तरी घराची अब्रू राख.

मला अजून आठवतं, मी दारातच उभी होते. त्यांना हाकलून द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. खरं काय ते सांगायलाही अडवलं नव्हतं. मनगटावर मावशीची पकड मात्र जाणवत होती. मी आत येऊन खुर्चीवर बसले आणि मान वाकवली. शाल चढली. ती मानेला टोचत होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, म्हणजे तीही कोणाच्या तरी सत्कारातलीच होती. "थोडं हसा, बाई," पाळकसाहेब मोबाईल धरून म्हणाले. मी हसले.

मग शाल अंगावर तशीच ठेवून उठले आणि ह्यांचं कपाट उघडलं. "राग सोडा म्हणता ना," मी म्हटलं, "मग हे सगळे आजच होममध्ये न्या. प्रत्येकाला दोन. धुतलेले आहेत, पाणी पितात." हे एक पाऊल पुढे आले आणि थांबले. सगळी कमिटी बघत होती, आणि मी त्यांच्या लेखी नुकतीच मनवलेली बायको होते. कोणीच नाही म्हणू शकलं नाही. पाळकसाहेबांनी पहिला गठ्ठा स्वतः उचलला. ते गेल्यावर मी मोरीत जाऊन ओकले.

दुपारी मावशीकडे गेले. तिच्या खाटेच्या दांडीवर ह्यांचे दोन टॉवेल लटकत होते, एकावर कुठल्याशा पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचं नाव छापलेलं. मी शाल तिच्या पायांवर घातली. तिने ती डाव्या हाताने चाचपली.

"ही कशापायी?"

"मी रुसले होते ना. सत्कारात माझं नाव शेवटी घेतलं म्हणून. मग आज सगळे आले मनवायला."

 मग तिला हसू फुटलं. आधी नुसतं पोट हललं, मग घोगरा आवाज निघाला, मग डोळ्यांतून पाणी. "तू," ती म्हणाली, "तू रुसलीस," आणि पुन्हा हसायला लागली. मी म्हटलं, हसू नकोस एवढं. ते ऐकून ती आणखीच हसली. हसता हसता एकदम गप्प झाली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गेलं." आणि पुन्हा हसत सुटली.

मी नाकाला पदर लावला आणि दांडीवरचा टॉवेल ओढला.